माती निवळेल, पण काळ कुणाचा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटीहून तलासरीकडे जाताना ढाबे, टायरची दुकाने आणि गॅरेजे लागत जातात. गॅरेजात ट्रक उभा राहतो, मिस्त्री खाली सरकतो, पान्याने चेंबरचा नट सैल करतो आणि काळ्या तेलाची जाड धार घमेल्यात पडू लागते. घमेले धारेखाली नेमके नसले तर पहिला ओघळ जमिनीवर जातो. त्यावर मूठभर भुसा टाकला की काम भागते. वर्षानुवर्षे असे होत राहिलेली जागा लांबूनच ओळखू येते: माती काळीभोर, चिवट, पायाखाली दबून बसलेली. पहिल्या पावसाचे पाणी तिच्यात मुरत नाही. अळवाच्या पानावर फिरावेत तसे थेंब तिच्यावरून फिरतात आणि उताराला लागतात. या तेलाला लोकांनी नाव दिले आहे जळके ऑइल. खांबाच्या बुडख्याला वाळवी लागू नये म्हणून ते चोपडतातही, म्हणजे ते जीव मारते हे सगळ्यांना ठाऊक आहे. महामार्गाच्या पश्चिमेला कोसबाडची टेकडी, चिकूच्या वाड्या आणि त्यापलीकडे बोर्डी-डहाणूचा किनारा. पावसाळ्यात समुद्र त्या किनाऱ्यावरही डांबराचे गोळे आणून टाकतो. जमिनीवरून आणि दर्यावरून असे दोन्हीकडून तेल येणाऱ्या या पट्ट्यात एक प्रश्न नीट विचारून पाहावासा आहे. तेलाने निर्जीव झालेली माती झाडे लावून पुन्हा जिवंत करता येते, हे विज्ञानाने दाखवले आहे. मग झाडाने माती निवळली म्हणजे माणसाचा दोषही फिटला का?

झाड नेमके काय करते, ते आधी पाहायला हवे. उत्तराचा निम्मा भाग त्यातच आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की झाड मुळांनी तेल ओढून घेते. तसे फार थोडे होते. खरे काम मुळांच्या अवतीभवती चालते. मुळे मातीत साखर आणि सेंद्रिय आम्ले पाझरवत असतात, त्या खाऊवर जिवाणू पोसले जातात, आणि मुळालगतच्या मातीत त्यांची संख्या उघड्या मातीच्या दहापट ते शंभरपट असते. त्यांतल्या काहींना तेलही पचते. तेलाच्या लांब साखळ्या ते तोडत जातात आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतो. दबलेली माती मुळे फोडतात, तिच्यात हवा खेळते, आणि हवा मिळाली तरच हे जिवाणू नेटाने काम करतात. तेलात कार्बन रग्गड, पण नत्र जवळजवळ नाही. म्हणून जिवाणू मातीतले होते नव्हते तेवढे नत्र ओढून घेतात आणि वर उगवलेले पीक पिवळे पडते. ताग, धैंचा यांसारखी हवेतले नत्र मातीत आणणारी पिके इथे उपयोगी पडतात ती त्यामुळे. गवते कामाची ठरतात ती त्यांच्या झुपकेदार तंतुमुळांमुळे. आपला वाळा तर मुळे सरळ खाली सोडतो, जमीन चांगली असेल तर तीन मीटरपर्यंत. उन्हाळ्यात माठात टाकलेली वाळ्याची जुडी हातात घेऊन पाहिली तर एकेक मूळ सुतासारखे बारीक आणि ताणले तरी न तुटणारे लागते. तेल पिणाऱ्या जिवाणूंचे घर ते असे. असे जिवाणू वेगळे काढून दिल्लीच्या टेरी संस्थेने ऑइलझॅपर नावाचे मिश्रण बनवले आणि ते देशातल्या तेलक्षेत्रांत वापरले गेले. नागपूरच्या नीरी संस्थेने मँगनीज खाणींच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातली मळी आणि उपयुक्त जिवाणू घालून झाडे जगवली. विदर्भातल्या त्या ढिगाऱ्यांवर तेल नव्हते, पण मेलेल्या जमिनीत आधी सूक्ष्मजीव जगवायचे आणि मग झाड, हा क्रम तोच.

या कामाची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. डिझेलसारखा हलका भाग काही उडून जातो, काही एकदोन हंगामांत पचतो. डांबरासारखा जड भाग वर्षानुवर्षे चिकटून बसतो. मुळे जिथवर पोचतात तिथवरच ही सफाई. तेल फारच असेल तर बी रुजतच नाही. इंजिनातून निघालेल्या तेलात जस्त, शिसे यांसारखे धातूही उतरलेले असतात आणि धातू कुठल्याच जिवाणूला पचत नाही. झाडाने तो उचललाच तर तो पानात आणि मुळात जाऊन बसतो. मग ते गवत गुरांपुढे टाकता येत नाही, चुलीत घालता येत नाही, खताच्या खड्ड्यातही नाही; विष मातीतून पाल्यात गेले एवढेच. आणि हे सगळे सुरू होण्याआधी एक अट पुरी व्हावी लागते: वरून पडणारी धार थांबलेली असली पाहिजे. रोज तेल पडत असलेल्या जागेवर वाळा लावून काहीही साधत नाही.

आता आपल्या परंपरांना हा प्रश्न विचारून पाहू. भूमी अशुद्ध झाली तर ती कशाने शुद्ध होते, याची यादी याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. झाडणे, जाळणे, गाईंचा वावर, पाणी शिंपणे, खरवडणे, सारवणे. आणि या सगळ्यांच्या पंगतीला एक वेगळाच शब्द येऊन बसतो, तो म्हणजे काळ. वरचा थर खरवडून काढणे, पाणी देणे, गुरे फिरवून शेणमूत मिसळणे, हे आजही माती सुधारण्याचे मार्ग आहेत. भातरोपासाठी राब भाजणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला जाळून जमीन तयार करणे नवे नाही. पण काळाला शुद्धी करणारा म्हणणे, ही त्या यादीतली सर्वांत खोल गोष्ट मला वाटते. काही घाणी माणसाच्या हाताने निघत नाहीत, त्यांना वेळच द्यावा लागतो, अशी ती कबुली आहे. डहाणूला शेजार पारशी-इराण्यांचाही आहे. इथल्या चिकूवाड्यांत त्यांची मेहनत आहे, त्यांची संजाण आणि उदवाडा ही गावे गुजरातच्या हद्दीपलीकडे जवळच आहेत. त्यांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात पृथ्वीला आनंद कुठे होतो असा प्रश्न येतो, आणि जिथे धान्य, गवत आणि फळझाडे जास्तीत जास्त लावली जातात तिथे, असे एक उत्तर मिळते. त्याच ग्रंथात, जिथे माणूस किंवा कुत्रा मेला ती जमीन वर्षभर पडीक ठेवावी असे सांगितले आहे. त्याआधी नांगर धरणारा दोषी. म्हणजे इथेही तीच जोडी, लावणे आणि थांबणे. इथल्या वारली आदिवासींच्या देवतांमध्ये धरतरी आहे, धान्याची कणसरी आहे, झाडापानांची पालघाट आहे. नवे धान्य देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, या रिवाजामागेही संयमच आहे: जमीन देईल तेव्हा घ्यायचे, आपल्याला भूक लागली म्हणून ओरबाडायचे नाही. तीन वेगळ्या वाटा, आणि तिन्ही वाटांवर जमिनीला वेळ द्यावा लागतो हे मान्य आहे.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. काळ शुद्ध करतो हे खरे, पण तो काळ कुणाच्या आयुष्यातून वजा होतो? तेलाने बिघडलेला तुकडा दोनतीन वर्षे वाळा, ताग आणि गवत लावून राखायचा म्हणजे त्या तुकड्यावरचे दोनतीन हंगाम सोडायचे. तेल सांडणाऱ्याचा ट्रक त्याच दिवशी पुढे जातो. जहाज तर क्षितिजापलीकडे गेलेले असते. थांबते ते उताराखालचे वावर, आणि त्या वावराचा धनी तलासरीतला वारली शेतकरी असेल तर त्याच्याकडे पावसाच्या पाण्यावरचे एकच भातपीक असते. त्याला सांगायचे की निसर्ग सारे निस्तरतो, धीर धर. आणि या उपायाला स्वस्त म्हणून वाखाणायचे. स्वस्त तो आपल्याला वाटतो, कारण शेतकऱ्याचे हंगाम आपण हिशेबात धरलेलेच नाहीत. याच भागाने 1945 साली, झरी गावापासून, वेठीविरुद्ध उठाव केला. दुसऱ्याच्या कामासाठी फुकट राबायचे नाही, हे वारल्यांनी तेव्हा सांगितले. दुसऱ्याच्या घाणीसाठी स्वतःची जमीन फुकट थांबवून ठेवणे हीदेखील वेठच आहे, फक्त तिला तसे कुणी म्हणत नाही.

म्हणून शुद्धी आणि प्रायश्चित्त या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. शुद्धी वस्तूची, प्रायश्चित्त कर्त्याचे. भांडे कुणीही घासले तरी स्वच्छ होते. पण दुसऱ्याने उपास केला म्हणून माझा दोष जात नाही. धर्मशास्त्राने प्रायश्चित्तात पश्चात्तापाच्या बरोबरीने ख्यापनाला, म्हणजे केलेले चारचौघांत सांगण्याला, जागा दिली आहे. झाड माती शुद्ध करू शकेल. कबुली देणे त्याच्या हातात नाही. इथे कुणी म्हणेल, मुद्दाम कोण तेल सांडतो? अपघात झाला, नळी फुटली, घमेले कलंडले. हेतू नाही तर पाप कसले? पण अजाणता झालेल्या दोषालाही शास्त्राने प्रायश्चित्त सांगितले आहे, सौम्य का होईना. आणि आपले आधुनिक न्यायशास्त्र तर त्याहून कडक आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरी आणि जमिनी नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले की धोकादायक उद्योग करणाऱ्याने काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच नाही. नुकसान झालेल्यांची भरपाई त्याने करायचीच, शिवाय जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच द्यायचा. ते पैसेही सुखासुखी आले नाहीत. 2011 मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह पुन्हा बजावावे लागले. पंधरा वर्षे! तो काळही बिछडीच्या लोकांच्याच आयुष्यातून गेला.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो मनाला लावून घ्यावा असा आहे. शुद्धी, अशुद्धी, विटाळ ही भाषा मुळातच विषारी आहे, तिने माणसांना माणसांपासून तोडले. मातीच्या निमित्ताने ती परत कशाला आणता? हा आक्षेप महाराष्ट्रात तरी कुणी झटकून टाकू शकत नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळभर पाणी प्यायले, आणि नंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून ते शुद्ध केले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. जिथे काहीही घाण नव्हती तिथे शुद्धी झाली, कारण घाण पाहणाऱ्यांच्या मनात होती. याज्ञवल्क्याची यादी वाचताना हे विसरता येणार नाही. त्याच्या स्मृतीतही माणसांची उतरंड आहेच. पण मला वाटते, त्या अनुभवानेच आपल्याला कसोटी दिली आहे. ज्या अशुद्धीला स्पर्श पुरतो आणि जी मोजता येत नाही, ती माणसाने माणसावर लादलेली. ज्या अशुद्धीने बी रुजत नाही, पाणी मुरत नाही, विहिरीवर तवंग येतो, ती खरी. पहिलीसाठी आपण तळे शुद्ध केले, दुसरीसाठी कुणी ओंजळभर वाळाही लावला नाही. कोसबाडच्याच टेकडीवर या दोन वृत्तींतला फरक दिसून आला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडला आणले. पाड्यावरच्या मुलांना जवळ घेऊन आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे इथपासून त्यांचे शिक्षण सुरू होई. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात तर शाळाच कुरणात नेली गेली. विटाळ मानणारा लांब उभा राहतो, स्वच्छता करणाऱ्याला जवळ जावे लागते. माती खोदून ट्रकभर लांबच्या गावच्या वेशीत नेऊन टाकण्यापेक्षा आहे तिथेच झाड लावून तिला बरे करणे मला योग्य वाटते, ते याच कारणाने. घाण दुसऱ्याच्या दारात जात नाही आणि करणाऱ्याला तिच्यापाशी थांबावे लागते. अर्थात त्याला थांबवले तर.

धरणी सगळे पोटात घेते, असेही म्हणणारे आहेत. समुद्राच्या तळातून तेल आपोआपही झिरपत असते आणि जिवाणू ते खातच आले आहेत, हे खरे आहे. तेल खाणारे जिवाणू पृथ्वीवर आहेत ते त्यामुळेच. संस्कृतात तर क्षमा हे पृथ्वीचेच एक नाव आहे. सकाळी उठून जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्या रीतीचा अर्थ नीट पाहावा. नुसता पाय लागतो म्हणून जिची क्षमा मागायची, तिच्यावर पिंपभर तेल ओतून ती क्षमाशीलच आहे असे म्हणायचे, हे त्या प्रार्थनेला धरून नाही. अथर्ववेदातल्या भूमिसूक्तात जमीन खणणारा म्हणतो की खणलेले लवकर भरून येवो आणि तुझ्या मर्मावर माझा घाव न पडो. खणणे त्याने सोडलेले नाही. भरून येईल इतकेच खणायचे, ही मर्यादा मात्र त्याने स्वतःला घातली आहे. थेंबथेंब झिरपणारे तेल जिवाणू पचवतील. एका जागी महिनोन्महिने पडणारे तेल त्या जिवाणूंनाच गुदमरवते.

आणि झाडांचे काय? त्यांना आपण विचारलेले नाही, आणि त्यांनाही सोसण्याची सीमा आहे. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईच्या बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे एकमेकांवर आदळली, सुमारे 800 टन तेल सांडले आणि मुंबई-रायगडच्या खाड्यांतल्या खारफुटीत शिरले. तिवराची श्वसनमुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात. त्यांवरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेते. तेलाचा थर बसला की ती छिद्रे बुजतात. डहाणूच्या खाडीतही अशीच तिवरे आहेत. मनूसुद्धा वनस्पतींना आतून सुखदुःख कळते असे मानतो आणि जैन विचारात त्या एकेंद्रिय जीव आहेत. म्हणून झाडांना कामाला लावूच नये असे मी म्हणणार नाही, शेती म्हणजे दुसरे काय आहे? पण ज्याच्याकडून सेवा घ्यायची त्याला जगता येईल अशी जागा तरी द्यायला हवी. तेल न थांबवता झाड लावणे म्हणजे रोपाला मरायला पाठवणे.

डहाणूपुरते बोलायचे तर कायद्याची चौकट अगदीच नाही असे नाही. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला आणि भोवतालच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यावरही निर्बंध आले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. कारखान्याला अडवणारे हे नियम गॅरेजातल्या घमेल्यापर्यंत पोचत नाहीत. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. दूषित जागांसाठी 2025 मध्ये वेगळे नियमही आले. पण मिस्त्रीला धरून दंड करणे हा माझ्या मते न्याय नाही, त्याला पिंप, ते नेणारी गाडी आणि तेलाचा दाम मिळाला पाहिजे. सर्वांत मोठा वाटा ज्यांच्या गाड्यांचे तेल, त्यांचा. तेल विकणाऱ्या कंपन्यांचा आणि गाड्या बाळगणाऱ्या आपला. उताराखालच्या वावरात वाळा लावायचा असेल तर लावावा. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांत काम करतेच, ज्ञान टेकडीवर आहे. मात्र ते वावर थांबेल तितक्या हंगामांचे भात त्या घरात आधी पोचले पाहिजे, आणि तेल कुणाचे होते हे ग्रामसभेत नाव घेऊन सांगितले गेले पाहिजे. माझ्या लेखी प्रायश्चित्त ते एवढेच आहे, आणि ते झाडाच्या अंगावर टाकता येत नाही.

दुचाकीच्या एका सर्व्हिसिंगला साधारण एक लिटर जळके ऑइल निघते. पुढच्या वेळी गाडी गॅरेजात सोडाल तेव्हा ते कुठल्या पिंपात जाते आणि पिंप कोण नेतो, हे मिस्त्रीला विचारा. आणि पिंप नसेल तर ते ठेवायला लावल्याशिवाय गाडी सोडू नका.